फळ्यावरचा मजकूर

सकाळी सहाला शटर अर्धं वर करते
आणि आधी फळा पुसते, चहा नंतर.
ओल्या फडक्याने कालचा समुद्र निघून जातो,
'उधाण'मधल्या 'उ'ची शेपटी तेवढी
राहते कोपऱ्यात.

लिहिते: लाट छातीएवढी.
मतलई वारा, दहापर्यंत टिकेल.
खडकाच्या डावीकडे समुद्रसिंहीण, पिल्लासकट.
लांबून जा, घर तिचं आहे.

त्याखाली गावच्या बातम्या.
पुंता लोबेराला वर्तमानपत्र येतं दोन दिवस शिळं,
तेही माशांभोवती गुंडाळून.
म्हणून फळा.

उलीसेसची फिन हरवली आहे, लाल,
एका बाजूने कुरतडल्यासारखी.
रायेन स्केटबोर्डवरून चर्चच्या सात पायऱ्या उतरली.
पायऱ्या आठ होत्या.
पुढचा दात सापडलाय, दुकानात बरणीत आहे,
आईने घेऊन जावा.
म्हातारा नोल्बेर्तो कळवतो की
धक्क्याचा उतार होड्यांसाठी आहे, चाकांसाठी नाही.
त्याखाली दुसऱ्याच अक्षरात:
होड्या पाचला जातात. मग?
मी पुसलं नाही.
नोल्बेर्तो रोज वाचून जायचा,
त्यानेही नाही.

गुरुवारी रात्री जमीन हलली.
फार नाही. आमच्याकडे एवढ्याने कोणी अंथरुणातून उठत नाही.
बरण्या किणकिणल्या, दात किणकिणला,
आणि स्केटच्या हौदाच्या पोटात भेग गेली
इकडून तिकडे, तळहातावरच्या रेषेसारखी.
नगरपालिकेने पिवळी फीत बांधली
आणि फीत बांधून झाल्यावर करतात ते केलं:
गेले.

लिहिलं: हौद बंद. कधीपर्यंत, माहीत नाही.

शनिवारी दुकानातलं दीड किलो रेझिन गायब,
सोबत काचधाग्याचं कापड, दोन ब्रश, माझी चांगली पटाशी.
सोमवारी शाळेत निघालेल्या सगळ्या बोटांवर
कडक, चकचकीत पापुद्रे.
रायेन हसली. दाताच्या जागी खिडकी होती,
खिडकीतून काहीच कळेना.
गल्ल्यात मात्र सुटी नाणी वाढलेली,
कुठल्याच हिशेबात न बसणारी.
चोरीची बातमी मी लिहिली नाही.

पटाशी परत आली, धार लावून.

मंगळवारी नगरपालिकेचा माणूस हौदात उतरला,
बूट काढून. भेगेवरून अंगठा फिरवला,
पुन्हा फिरवला.
कोणी बुजवली ही?
सगळे कोळी एकदम जाळी तपासू लागले.
नोल्बेर्तो म्हणाला, समुद्राने.
त्या माणसाने कागदावर काय लिहिलं, दिसलं नाही.
फीत त्याने स्वतः गुंडाळली
आणि खिशात घातली.

एक बातमी मी दोन वर्षं लिहिलेली नाही.
जगाचे बोर्ड मी दुरुस्त करते,
माझा वाशांना टांगलेला आहे, धूळ धरून.
त्या लाटेखाली बावीस आकडे मोजले होते मी.
तेविसावा अजून घशात आहे.
कोणी विचारलं तर सांगते, खांदा दुखतो.
खांदा छान आहे.

बुधवारी धुकं लवकर उचललं.
फळा पुसला, खडू घेतला, पाहिलं,
तर लाट गुडघ्याएवढी.
पोराटोरांची. हसण्यावारी नेण्यासारखी.
कोणी आलं नव्हतं अजून.
स्टूल ओढलं.
धूळ नाकात गेली, शिंक आली,
आणि शिंकेच्या भरात मी बोर्ड खाली काढला.

परत आले तेव्हा कोऱ्या फळ्यासमोर निम्मं गाव.
उलीसेस काळजीने विचारत होता,
आज समुद्र नाही का?
माझ्या नाकातून खारं पाणी टपकत होतं.
कोणी काही बोललं नाही.
नोल्बेर्तोने टोपी थोडी मागे सरकवली, इतकंच.

रायेनने माझ्या हातून खडू घेतला
आणि वाकड्या ओळीत लिहिलं:
लाट गुडघ्याएवढी.
यास्ना पडली. दोनदा.

दोनदा नाही, तीनदा.
तेवढी दुरुस्ती मी केली.